अवयव आहेत, पण कुठले? २^६७ − १ चं प्रकरण

सदुसष्ट दोन एका ओळीत मांडून त्यांचा गुणाकार करायचा आणि आलेल्या उत्तरातून एक वजा करायचा. हाती येते ती संख्या अशी:

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

एकवीस अंक. आपल्याकडे परार्धापर्यंत नावं आहेत, म्हणजे एकावर सतरा शून्यं. ही संख्या १,४७५ परार्धांच्याही थोडी वर जाते, त्यामुळे तिला सुटसुटीत नाव नाही. खाली सगळीकडे मी तिला २^६७ − १ असंच म्हणणार आहे. '^' या खुणेपुढचा आकडा म्हणजे घात.

या संख्येचा दाखला तीन वेळा लिहिला गेला. १६४४ मध्ये ती मूळ संख्या ठरवली गेली. १८७६ मध्ये ती मूळ नाही हे सिद्ध झालं. १९०३ मध्ये तिचे अवयव सापडले. यातला दुसरा आणि तिसरा टप्पा लोक बऱ्याचदा एकच धरतात, आणि माझ्या मते सगळी गंमत नेमकी त्या दोहोंमधल्या सत्तावीस वर्षांत आहे. संख्येला अवयव आहेत हे पक्कं ठाऊक आहे, त्यात तिळमात्र शंका नाही, आणि तरी एकही अवयव कुणाला सांगता येत नाही. शाळेत मूळ आणि संयुक्त संख्या शिकताना अशी परिस्थिती येऊ शकते हे मनातही येत नाही. तिथे ९१ संयुक्त का, तर ७ गुणिले १३. पुरावा म्हणजेच अवयव.

मेर्सेनची यादी

मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) हा पॅरिसमधला मिनिम पंथाचा भिक्षू. युरोपभरच्या गणितज्ञांची पत्रं त्याच्याकडे यायची आणि तिथून पुढे जायची. नियतकालिकं नव्हती तेव्हा ते काम हा एकटा माणूस करत होता. १६४४ साली त्याच्या 'कोगिताता फिजिको-माथेमाटिका' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने एक विधान केलं. घातांक २५७ पर्यंत घेतले तर २^प − १ ही संख्या मूळ असते ती फक्त प = २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ असताना.

त्याला या संख्यांत रस होता तो परिपूर्ण संख्यांमुळे. ६ चे स्वतःहून लहान विभाजक १, २, ३, बेरीज ६. तसंच २८, ४९६, ८१२८. युक्लिडने दाखवलं होतं की २^प − १ मूळ असेल तर तिला २^(प−१) ने गुणून परिपूर्ण संख्या मिळते. म्हणजे मेर्सेन खरा असता तर २^६६ गुणिले आपली संख्या ही एक परिपूर्ण संख्या झाली असती.

यादीत पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ उगाच आत आले, ६१, ८९ आणि १०७ बाहेर राहिले. २^६१ − १ मूळ आहे हे १८८३ मध्ये रशियातल्या इव्हान पर्वुशिन या धर्मोपदेशकाने दाखवलं; ८९ आणि १०७ चा निकाल १९११ आणि १९१४ मध्ये लागला. ६७ हे ६१ चं छपाईतलं चुकलेलं रूप असावं, असाही तर्क लोक करतात. मला तो फारसा पटत नाही. ८९ आणि १०७ सुटले ते काही छपाईने सुटले नाहीत. शिवाय यादीतले मोठे घातांक बघा: ३१ म्हणजे ३२ वजा १, ६७ म्हणजे ६४ अधिक ३, १२७ म्हणजे १२८ वजा १, २५७ म्हणजे २५६ अधिक १. सगळे दोनाच्या घातांना चिकटून बसलेले. हे अंदाजाचं लक्षण वाटतं, हिशोबाचं नाही. (६४ वजा ३ म्हणजे ६१, तो मात्र का गाळला हे मेर्सेनच जाणे.)

एक मात्र त्याच्या पदरात घातलं पाहिजे. एकवीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे त्या काळी कुणीच तपासू शकत नव्हतं. १२७ आणि २५७ साठी तर प्रश्नच नको.

संख्या कशी आहे

आता संख्येकडेच जरा निरखून बघू, कारण तिचे गुणधर्म कळल्याशिवाय पुढची झटापट कळणार नाही.

पहिली गोष्ट, घातांक ६७ ही स्वतः मूळ संख्या आहे. तशी ती नसती तर काम लगेच संपलं असतं. २^६६ − १ घ्या: ६६ ला ६ ने आणि ११ ने भाग जातो, म्हणून २^६६ − १ ला २^६ − १ म्हणजे ६३ ने आणि २^११ − १ म्हणजे २०४७ ने भाग जातो. कागद न घेता सांगता येतं. ६७ ला अवयव नाहीत, तेव्हा हा मागचा दरवाजा बंद.

दुसरी गोष्ट जास्त कामाची. २^६७ − १ ला भाग देणारी कोणतीही मूळ संख्या १३४क + १ या रूपातच असावी लागते. कारण थोडक्यात असं. 'ब' या मूळ संख्येने भाग जात असेल, तर २^६७ ला ब ने भागल्यावर बाकी १ उरते. ६७ मूळ असल्यामुळे ६७ हाच असा सर्वांत लहान घात. फर्माच्या प्रमेयाप्रमाणे २^(ब−१) ला ब ने भागूनही बाकी १ उरते. म्हणून ब − १ हा ६७ च्या पटीत असलाच पाहिजे. तो समही असतो, म्हणून १३४ च्या पटीत. फर्माने स्वतः १६४० मध्ये हीच युक्ती २^३७ − १ वर चालवून २२३ हा अवयव काढला होता. २२३ म्हणजे ३७ × ६ + १.

याला आणखी एक अट जोडता येते: ब ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. या दोन अटी लावल्या की क ची किंमत ४ च्या पटीत, नाहीतर ४ च्या पटीपेक्षा एकने जास्त असावी लागते. बाकीचे क निघाले.

करून बघू. क = १ घेतला तर १३५, ती मूळ नाही. क = ४: ५३७, तीनने भाग जातो. क = ५: ६७१ = ११ × ६१. क = ८: १०७३ = २९ × ३७. क = ९: १२०७ = १७ × ७१. क = १२: १६०९, ही मूळ आहे. म्हणजे ३, ५, ७, ११ पासून सुरू होणाऱ्या शेकडो मूळ संख्या ओलांडून पहिला खरा उमेदवार थेट १६०९!

१६०९ ने भाग जातो का, हे बघायला एकवीस अंकांचा भागाकार करायची गरज नाही. वर्ग करत जायचं आणि दर वेळी फक्त बाकी ठेवायची. २^८ = २५६. २^१६ = ६५५३६, बाकी ११७६. त्याचा वर्ग १३८२९७६, बाकी ८४५. हे झालं २^३२. पुन्हा वर्ग, ७१४०२५, बाकी १२३८, हे २^६४. त्याला ८ ने गुणलं की २^६७: ९९०४, बाकी २५०. एक यायला हवी होती, २५० आली. १६०९ बाद. पुढचा उमेदवार घ्या.

इतकं सोपं असेल तर अडलं कुठे? अडलं संख्येच्या आकारात. तिचं वर्गमूळ १,२१४ कोटींच्या वर आहे, आणि लहान अवयव तिथपर्यंत कुठेही असू शकतो.

तिसरा गुणधर्म खोडसाळ आहे. एखादी संख्या न मूळ आहे का याची एक जुनी चाचणी म्हणजे २^(न−१) ला न ने भागायचं. न मूळ असेल तर बाकी १ येतेच. आपल्या संख्येतून एक वजा केला तर जे उरतं ते ६७ × २२०२५९६३०७३०८६०३१७८ एवढं असतं. म्हणजे ६७ ची पट. आणि २^६७ ला आपल्या संख्येने भागलं की बाकी १, हे तर तिच्या व्याख्येतच आहे. तेव्हा ही चाचणी ती बसल्या जागी उत्तीर्ण होते, मूळ नसतानाही. दोनाच्या आधाराने तिला प्रश्न विचारलात तर ती खोटंच बोलणार. तिच्या सगळ्या बहिणींचं, म्हणजे घातांक मूळ असलेल्या प्रत्येक २^प − १ चं, असंच आहे.

ल्युकाचं उत्तर

एदुआर ल्युका (१८४२–१८९१) हा फ्रेंच गणितज्ञ हनोईच्या मनोऱ्याचं कोडं रचणारा म्हणून जास्त लोकांना माहीत असतो. १८७६ मध्ये त्याने मेर्सेनच्या संख्यांसाठी वेगळी कसोटी काढली. आज शिकवतात ते सुटसुटीत रूप डी. एच. लेमरने १९३० च्या सुमारास दिलेलं आहे, गाभा तोच.

कृती अशी. ४ पासून सुरुवात करायची. दर पायरीला वर्ग करायचा, २ वजा करायचे, आणि २^प − १ ने भागून बाकी ठेवायची. असं प − २ वेळा केल्यावर शून्य आलं तर संख्या मूळ. शून्य नाही आलं तर संयुक्त. अधलंमधलं काही नाही.

१२७ वर, म्हणजे २^७ − १ वर, पाच पायऱ्या: ४, मग १४, मग १९४ म्हणजे बाकी ६७, मग ४२, मग १११, मग ०. मूळ.

२०४७ वर, म्हणजे २^११ − १ वर, नऊ पायऱ्या: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही. संयुक्त.

आता त्या १७३६ कडे बघा. २०४७ = २३ × ८९ हे आपल्याला ठाऊक आहे. पण १७३६ = ८ × ७ × ३१. त्यात २३ नाही, ८९ नाही, त्यांचा मागमूसही नाही. कसोटीने निकाल दिला आणि पुरावा मात्र स्वतःकडेच ठेवला. २०४७ लहान आहे म्हणून आपण लगेच अवयव काढतो. एकवीस अंकी संख्येच्या बाबतीत ल्युकाच्या हाती असंच काहीतरी निरर्थक दिसणारं शेष उरलं, आणि त्यावरून एवढंच ठरलं की मेर्सेन चुकला.

या कसोटीत ६७ साठी पासष्ट पायऱ्या लागतात, आणि प्रत्येक पायरीत एकवीस अंकांपर्यंतच्या संख्येचा वर्ग. हे हाताने जमण्यासारखं होतं याचं एक कारण म्हणजे संख्येची घडण. द्विमान पद्धतीत २^६७ − १ लिहिली तर सदुसष्ट एक ओळीने येतात. दशमान पद्धतीत ९९९ चं जे स्थान, तेच दोनाच्या पद्धतीत हिचं. ९९९ ने भागून बाकी काढायची असेल तर भागाकार लागत नाही. तीन-तीन अंकांचे गट पाडून बेरीज केली की झालं. इथे सदुसष्ट अंकांचे गट पाडायचे. अर्धं काम आपोआप हलकं.

त्याच वर्षी ल्युकाने २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं. पाऊणशे वर्षं, म्हणजे १९५१ पर्यंत, त्याहून मोठी मूळ संख्या कुणाला सापडली नाही. मेर्सेनचा १२७ बरोबर आणि ६७ चूक, दोन्ही एकाच वर्षी, एकाच माणसाकडून.

कोलचे रविवार

फ्रँक नेल्सन कोल (१८६१–१९२६) न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक आणि अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचा चिटणीस. ऑक्टोबर १९०३ मध्ये सोसायटीच्या न्यूयॉर्कमधल्या सभेत त्याने 'मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याविषयी' या अर्थाच्या शीर्षकाचा निबंध सादर केला. तो सोसायटीच्या मुखपत्रात छापूनही आला. त्यातला निकाल:

२^६७ − १ = १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

लहान अवयव १९ कोटींच्या घरात, मोठा ७६ हजार कोटींच्या वर. दोन्ही मूळ, त्यामुळे संख्येला १ आणि ती स्वतः धरून चारच विभाजक.

वर सांगितलेल्या अटी ताडून बघा. १९,३७,०७,७२१ मधून एक वजा करून १३४ ने भागलं तर १४,४५,५८० येतात, नेमके. आणि ही संख्या ४ च्या पटीत आहे. दुसऱ्या अवयवाचं तसंच केलं तर ५,६८,५३,६०,१२९ येतात, म्हणजे ४ च्या पटीपेक्षा एक जास्त. दोघेही नियमात बसतात.

मग कोलने क = १, ४, ५, ८, ९ असं करत चौदा लाखांपर्यंत मजल मारली का? शक्य नाही. त्या वाटेने सव्वासात लाखांच्या आसपास क तपासावे लागतात. त्यातल्या संयुक्त संख्या आधीच वगळल्या तरी अंदाजे ८० हजार मूळ उमेदवार उरतात. १६०९ साठी आपण वर जे केलं ते नऊ अंकी संख्येसाठी करायला दहा मिनिटं धरली, तर आठ लाख मिनिटं. दर रविवारी आठ तास बसणाऱ्या माणसाला तीस वर्षांहून जास्त लागतील. आणि अवयव १९ कोटींवर थांबणार आहे हे आधी कुणाला माहीत? तो हजार कोटींवरही असू शकला असता.

कोलच्या निबंधातली मुख्य युक्ती वर्गशेषांची होती. ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७, ही जी अट मी वर कारण न देता टाकली, ती याच युक्तीचं सगळ्यात लहान रूप आहे. २^६७ ची बाकी १ येते, म्हणून २^६८ ची बाकी २. पण २^६८ म्हणजे २^३४ चा वर्ग. म्हणजे कुठल्याही अवयवाच्या हिशोबात २ हा एका पूर्ण वर्गाची बाकी असतो. आणि २ असा वर्गशेष असतो तो फक्त ज्यांची ८ ने बाकी १ किंवा ७ येते अशाच मूळ संख्यांसाठी. या एका माहितीने निम्मे उमेदवार गळाले.

आता २ च्या जागी दुसरी एखादी लहान संख्या घ्या, ३ किंवा ५ किंवा १९. एखादा मोठा वर्ग असा शोधून काढायचा की त्याला २^६७ − १ ने भागल्यावर लहान-लहान अवयवांची बाकी उरेल. अशा बाक्या एकमेकींशी गुणून त्यातले वर्ग काढून टाकले की कळतं की अमुक एक लहान संख्या वर्गशेष आहे. प्रत्येक नवी माहिती म्हणजे एक नवी चाळण, आणि प्रत्येक चाळणीत उरलेल्यांपैकी साधारण निम्मे गळतात. स्वतंत्र अशा दहा चाळण्या लावल्या तर हजारात एक उरतो, वीस लावल्या तर दहा लाखांत एक. श्रम वाटेल तेवढे आहेत, पण ते भागाकाराचे श्रम नाहीत. चाळण्या तयार करण्याचे आहेत. १९७० नंतर संगणकावर मोठ्या संख्या फोडायच्या ज्या पद्धती आल्या, त्यांतल्या काहींचं बीज याच विचारात आहे: संख्येला थेट भिडू नका, तिच्या हिशोबातले वर्ग गोळा करा.

सभेतली गोष्ट

या सभेची एक कथा गणिताच्या वर्तुळात फार प्रसिद्ध आहे. कोल उठला, फळ्याकडे गेला, एक शब्द न बोलता २ चा ६७ वा घात मांडला, एक वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला दोन संख्यांचा उभा गुणाकार केला. दोन्ही उत्तरं जुळली. कोल जागेवर जाऊन बसला. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट.

ही कथा लिहिली एरिक टेंपल बेलने, १९५१ मध्ये, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने. बेल १९०३ मध्ये कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला विद्यार्थी होता. न्यूयॉर्कच्या त्या खोलीत तो नव्हता. पण पुढे त्याने कोलंबियातून १९१२ मध्ये डॉक्टरेट घेतली, त्यामुळे कोलला तो जवळून ओळखत होता. अवयव शोधायला किती वेळ लागला असं आपण विचारल्यावर कोलने 'तीन वर्षांचे रविवार' असं उत्तर दिल्याचंही बेलच सांगतो. रविवारांचं मला खरं वाटतं, कारण ते कामाच्या आकाराशी जुळतं. मौन व्याख्यानाबद्दल मी हातचा राखून ठेवतो. बेल रंगवून लिहिणारा माणूस होता आणि कोलच्या छापील निबंधात पद्धत नीट शब्दांत मांडलेली आहे. पण एक आहे. बोलला नसता तरी चाललं असतं. त्या फळ्यावर जे होतं त्याला स्पष्टीकरण लागत नाही.

तो गुणाकार करून बघण्यासारखा आहे. १९३७०७७२१ मध्ये ७ तीनदा येतो आणि एक शून्य आहे, त्यामुळे मोठ्या संख्येचे फक्त चार पाढे काढावे लागतात:

२ पट: १५२३६७६५१४५७४
३ पट: २२८५५१४७७१८६१
७ पट: ५३३२८६७८०१००९
९ पट: ६८५६५४४३१५५८३

मग एककापासून डावीकडे जात ओळी मांडायच्या: १ पट, २ पट, ७ पट, ७ पट, शून्याची जागा सोडायची, ७ पट, ३ पट, ९ पट, १ पट. आठ ओळींची बेरीज. हात बसलेला असेल तर पंधरा मिनिटांत १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ समोर येतं. आळस आला असेल तर निदान नऊ टाकून ताळा बघा: पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे १, दुसऱ्याची ६४, म्हणजे १, गुणाकाराची १०९, म्हणजे तीही १. शेवटचे तीन अंक हवेत? ७२१ × २८७ = २०६९२७. जुळले.

तीन वर्षांचे रविवार एका बाजूला, पंधरा मिनिटं दुसऱ्या बाजूला. प्रश्न एकच, पण शोधायला लागणारा वेळ आणि तपासायला लागणारा वेळ यांचा एकमेकांशी काही संबंधच नाही.

जाता जाता, हा हिशोब एक्सेलमध्ये करायला जाऊ नका. तिथे २^६७ − १ टाकून सगळे अंक उघडले की १४७५७३९५२५८९६७६०००००० दिसतं. एक्सेल पंधराच अंक खरे ठेवतं, पुढे शून्यं भरतं. चौसष्ट बिटांच्या साध्या पूर्णांकातही ही संख्या मावत नाही, तीन बिटं जास्त आहेत. पायथॉनसारख्या भाषेत मात्र पूर्णांक हवा तेवढा मोठा घेता येतो, आणि तिथे दोन्ही अवयव डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मिळतात.

अंतर अजून तसंच

१९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी एमआयटीत जी गुप्तलेखन पद्धत काढली, ती याच अंतरावर उभी आहे. दोन मोठ्या मूळ संख्या घ्या, गुणा, गुणाकार जगजाहीर करा. अवयव मात्र स्वतःपाशी ठेवा. आज या पद्धतीत वापरतात तो गुणाकार बऱ्याचदा २०४८ बिटांचा, म्हणजे ६१७ अंकी असतो. तो संयुक्त आहे हे लपवायचा कुणी प्रयत्नही करत नाही. लपवायचं असतं ते फक्त 'कुठले'.

आणि गंमत अशी की पहिला प्रश्न, मूळ की संयुक्त, दिवसेंदिवस सोपा होत गेला. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवलं की कुठल्याही संख्येसाठी हा निकाल खात्रीने आणि वाजवी वेळात लावता येतो. म्हणजे संख्येचे अंक वाढले तर काम वाढतं, पण स्फोट होत नाही. मेर्सेनच्या संख्यांसाठी तर ल्युकाची कसोटी आहेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १ ही चार कोटी दहा लाखांहून जास्त अंकांची संख्या मूळ ठरवताना तीच कसोटी वापरली गेली. दुसऱ्या प्रश्नासाठी, अवयवांसाठी, आपल्या नेहमीच्या संगणकांवर चालणारी तशी वाजवी वेळातली पद्धत कुणाला सापडलेली नाही. तशी पद्धत असूच शकत नाही, हेही कुणी सिद्ध केलेलं नाही.

२^६७ − १ सत्तावीस वर्षांत सुटली. तिच्यासारखी आजची संख्या २^१२७७ − १ आहे, ३८५ अंकी. १९५२ मध्ये राफेल रॉबिन्सनने लॉस एंजेलिसमधल्या 'स्वॅक' या संगणकावर ल्युकाची कसोटी चालवली, तेव्हा शेजारची २^१२७९ − १ मूळ निघाली आणि ही संयुक्त. तेव्हापासून सत्तर वर्षं उलटून गेली. मेर्सेनच्या संख्यांपैकी एकही अवयव माहीत नसलेली सर्वांत लहान संख्या हीच. तिचा कुठलाही मूळ अवयव २५५४क + १ या रूपातला असणार, आणि क ला ४ ने भागल्यावर बाकी ० किंवा ३ असणार. एवढं कुणालाही कागदावर काढता येतं. क किती, ते जगभरचे संगणक अजून शोधतायत.